लाँगयिअरब्येनच्या हिमोढावरची शैवाकं

स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या द्वीपसमूहातल्या लाँगयिअरब्येन गावाच्या मागे, दरीच्या वरच्या टोकाला लाँगयिअर हिमनदीचा हिमोढ, म्हणजे तिने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग आहे. बहुतेक जण तिथे पानांचे जीवाश्म शोधायला जातात. मी गेलो ते शैवाकं बघायला. (शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढणारी जोडी. गोड्या मसाल्यातलं दगडफूल, तेही शैवाकच.)

बर्फालगतचे दगड कोरे होते. बाहेर सरकत गेलं तसे बारीक ठिपके दिसू लागले आणि जुन्या उतारांवर ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम या शैवाकाचे काळ्या कडेचे पिवळे-हिरवे चट्टे. आर्क्टिकमध्ये हे शैवाक वर्षाला मिलिमीटरचा एखादा अंशच वाढतं. त्याच्या व्यासावरून दगड किती काळ उघडा आहे ते ठरवण्याची पद्धत वनस्पतिशास्त्रज्ञ रोलंड बेशेल यांनी १९५०च्या सुमारास मांडली. इथे मात्र जपून. हिमोढाच्या पोटात अजून बर्फ आहे. तो वितळला की दगड उलटतात आणि कालगणना बिघडते.

स्वालबार्ड १९७१पासून ३ ते ५ अंशांनी तापलं आहे. मग शैवाकं भराभर वाढत असतील? इतकं सरळ नाही. शैवाक ओलं असतं तेवढाच वेळ वाढतं, सुकलं की थांबतं. अंटार्क्टिकात मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत ब्युएलिया फ्रिजिडा हे शैवाक शतकात जेमतेम १ मिलिमीटर वाढतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या ओलसर लिव्हिंग्स्टन बेटावर वाढीचा वेग शंभरपटीच्या घरात जातो. पण त्याच बेटावर पुढे काही वर्षं गारवा वाढून बर्फ जास्त दिवस रेंगाळला, तेव्हा खाली दबलेली शैवाकं मेली. म्हणून नुसत्या तापमानाच्या आकड्यावरून शैवाकांचं भवितव्य सांगणं मला पटत नाही. ओल किती मिळते आणि बर्फ किती दिवस टिकतो, हे आधी विचारायला हवं.

जाणाऱ्यांसाठी: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीतून जाते, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा दुहेरी प्रवेशाचाच घ्या, नाहीतर परतीला नॉर्वेत पुन्हा शिरताना अडकाल. जुलै-ऑगस्टमध्ये जा, तेव्हा दगड उघडे असतात. ध्रुवीय अस्वलांमुळे गावाबाहेर बंदूकधारी वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. वितळलेल्या पाण्याचे ओहोळ ओलांडावे लागतात, तेव्हा उंच, पाणी न शिरणारे बूट हवेत. दहापट भिंग न्या. पाऊस भुरभुरला तर खोलीत बसू नका, ओल्या शैवाकांचे रंग तेव्हाच खुलतात. फोटो काढताना शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा. नमुना म्हणून काहीही खरवडू नका. इथल्या वनस्पतींना कायद्याचं संरक्षण आहे. चालताना कोऱ्या दगडांवरच पाय ठेवा.