मदतीचे अडथळे आणि सहकार्याची खरी जागा

मुस्लिम आणि पाश्चात्त्य मदतसंस्थांमधील सहकार्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा धर्माधर्मांतील सलोख्याकडे वळते. तो सलोखा मला मोलाचा वाटतो, परंतु या प्रश्नाची गाठ तिथे नाही असे माझे मत आहे. प्रत्यक्ष आपत्तीच्या ठिकाणी या संस्थांचे कार्यकर्ते एकमेकांना लवकर समजून घेतात. अडते ते बँकांत आणि सरकारी कार्यालयांत.

श्रीलंकेतील मुत्तूर हे याचे चांगले उदाहरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तिथे लष्कर आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यात लढाई पेटली, मुस्लिम आणि तमिळ कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि त्याच गावात एका फ्रेंच मदतसंस्थेच्या १७ कर्मचाऱ्यांची हत्या झाली. कोणती संस्था कोणाच्या बाजूची आहे, हा संशय जिवावर बेतू शकेल अशा त्या काळात लंडनची मुस्लिम एड आणि अमेरिकेतील मेथडिस्ट चर्चची यूएमकॉर यांनी एकत्र मदत पोहोचवली. एकीची ओळख मशिदींतून होती, दुसरीची चर्चमधून. या दोन संस्थांचा औपचारिक करार झाला तो त्यानंतर, २००७ मध्ये. आधी काम आणि मग करार, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सोमालियात मात्र दोन्ही बाजू वेळेवर जुळल्या नाहीत. अल्-शबाब या तिथल्या सशस्त्र इस्लामी गटाच्या धमक्या आणि जाचक अटी यांमुळे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने जानेवारी २०१० मध्ये दक्षिणेकडील बऱ्याच भागातून काम थांबवले होते. मदतीतला काही वाटा अल्-शबाबच्या हाती पडला तर आपल्यावर दहशतवाद्यांना साहाय्य केल्याचा खटला भरला जाईल, या भीतीने अमेरिकी कायद्याच्या कक्षेतील संस्थाही हात आखडून होत्या. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला आणि नंतरच्या अभ्यासानुसार त्या संकटात सुमारे २,६०,००० माणसे मेली, त्यांतली निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. त्या वेळी तुर्कस्तान आणि आखाती देशांतील संस्था राजधानी मोगादिशूत काम करत होत्या आणि त्यांचा मेळ इस्लामी सहकार्य संघटना ही मुस्लिम देशांची संघटना घालत होती, तर संयुक्त राष्ट्रांच्या समन्वयाच्या बैठका मुख्यतः शेजारच्या केनियातील नैरोबीत होत होत्या. एकाच दुष्काळाचे नियोजन दोन शहरांत, दोन वेगळ्या वर्तुळांत चालले होते. पुढे दोन्हींमध्ये देवाणघेवाण वाढली, पण ती आधीपासून असायला हवी होती.

१९८४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये डॉ. हानी अल्-बन्ना यांनी स्थापन केलेली इस्लामिक रिलीफ ही आज ब्रिटनमधील मोठ्या मदतसंस्थांच्या संयुक्त आपत्कालीन समितीची सदस्य आहे, आणि २०१४ पासून लूथरन वर्ल्ड फेडरेशन या ख्रिस्ती संघटनेशी तिचा करार आहे. तरीही एचएसबीसी बँकेने तिची खाती बंद केल्याची बातमी २०१६ च्या सुरुवातीला आली. एवढ्या नावाजलेल्या संस्थेची ही गत असेल, तर सीरिया किंवा येमेनमध्ये पैसे पाठवू पाहणाऱ्या लहान संस्थेने कोणाकडे जावे? बँकेचा मार्ग बंद झाला की रोख रक्कम आणि हवाला उरतो, आणि मग ज्या व्यवहारांवर देखरेख हवी, तेच नजरेआड होतात.

संशयाला काही वेळा या संस्थांनीही कारण दिले आहे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०२० मध्ये काही पदाधिकाऱ्यांचा समाजमाध्यमांवरील ज्यूद्वेषी मजकूर उघड झाल्यावर इस्लामिक रिलीफच्या संपूर्ण विश्वस्त मंडळाला पायउतार व्हावे लागले. अशा लिखाणाची शिक्षा ते लिहिणाऱ्यांना व्हावी. येमेनमधल्या रुग्णाचे औषध त्यासाठी थांबू नये.

९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ संमत करून संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांत मानवतावादी मदतीला सूट दिली. चौदा देशांनी बाजूने मत दिले आणि भारत तटस्थ राहिला, कारण मदतीच्या नावाखाली दहशतवादी गट अशा सवलतींचा गैरफायदा घेतात, असा आपल्या देशाचा अनुभव आहे. ती चिंता खरी आहे. परंतु त्यावरचा उपाय हिशेबतपासणीत आहे, आणि ती दोन्ही बाजूंच्या संस्थांनी मिळून केली तर अधिक विश्वासार्ह ठरेल. ठराव संमत झाला म्हणून बँकेतला अधिकारी लगेच निर्धास्त होत नाही. त्याच्या हाती सरकारचे स्पष्ट, लेखी आश्वासन पडावे लागते, आणि ज्या पाश्चात्त्य संस्थांचे सरकारदरबारी वजन आहे त्यांनी ते आपल्या मुस्लिम सहकाऱ्यांसाठी मागून घेतले पाहिजे.