पत्र कोणाच्या नावानं जातं

माझं घर नाशिकच्या म्हसरूळला, दिंडोरी रोडला लागून, आणि ऑफिसही घरातच. काम द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालावर कीड-रोग नसल्याच्या) सर्टिफिकेटचा अर्ज, औषधांच्या उरलेल्या अंशांचे लॅबचे रेसिड्यू रिपोर्ट, ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदी, आणि कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदरात गेला की बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा, पाठपुरावा. यातलं बहुतेक मेलवर चालतं आणि माझ्याकडे मेलचे पत्ते चार आहेत: दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचा, पिंपळगावच्या एका निर्यातदाराचा, माझा कामाचा आणि एक घरगुती. गट आणि निर्यातदार दोघंही थॉमसन जातीची द्राक्षं पाठवतात, कधी कधी एकाच खरेदीदाराला. दोघांनाही हे ठाऊक आहे. एकाचा रेट दुसऱ्याला कळणार नाही, या भरवशावरच माझं काम चालतं.

चारही पत्त्यांसाठी मी मट वापरते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत चालणारा, नुसत्या अक्षरांचा मेल प्रोग्रॅम. १९९५ साली मायकेल एल्किन्स यांनी तो लिहिला आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात. एमबीसिंक नावाचा वेगळा प्रोग्रॅम मेल उतरवून माझ्या डिस्कवर ठेवतो, एमएसएमटीपी पाठवायचं काम करतो, मट या दोघांच्या मधे बसून वाचायला-लिहायला देतो. पॅकहाऊसवर रेंज नसली तरी सगळे मेल माझ्या लॅपटॉपवरच असतात. द्राक्षं थंड करायच्या प्रीकूलिंग खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून मी उत्तरं लिहून ठेवते आणि रस्त्याला लागल्यावर पाठवते. सीझनमध्ये हा वेग मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

पण मटला तुमचे पत्ते आपोआप कळत नाहीत. सगळं सेटिंगच्या फाईलमध्ये हातानं लिहावं लागतं, आणि तिथेच माझ्याकडून मोठी चूक झाली.

मटमध्ये ‘हुक’ असतात. अमुक फोल्डर उघडला की तमुक सेटिंग लाव, तो फोल्डर-हुक. अमुक माणसाला पत्र चाललं की तमुक सेटिंग लाव, तो सेन्ड-हुक. मी निर्यातदाराच्या फोल्डरसाठी सगळं नीट लिहिलं होतं: फ्रॉमचा, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, खालची नाव-फोनची सिग्नेचर, पाठवायचा सर्व्हर. गटाचा पत्ता नंतर आला. त्याच्या हुकमध्ये घाईघाईत फक्त फ्रॉम लिहिला, बाकीचं राहून गेलं. आणि हुकचा एक गुण असा, की त्यानं लावलेली सेटिंग फोल्डरमधून बाहेर पडल्यावर उतरत नाही. दुसरं कोणी बदलेपर्यंत ती तशीच राहते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी निर्यातदाराचे मेल संपवून मी गटाच्या फोल्डरमध्ये गेले आणि गटाच्या खरेदीदाराला त्या आठवड्याचा रेट लिहिला. फ्रॉम गटाचा होता. खाली सिग्नेचर निर्यातदाराची, फर्मचं नाव आणि फोनसकट. खरेदीदाराचं उत्तर आलं, की या दोन फर्म एकच आहेत का, आणि असतील तर दोन रेट कसे?

गटाचे सगळ्यात मोठे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. आवाज चढवला नाही. मेलची प्रिंट टेबलावर ठेवली, शेवटच्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, माल आमचा आणि पत्राखाली नाव त्यांचं. हे कसं काय झालं?” मी जे झालं ते सगळं सांगितलं आणि त्यांच्यासमोर खरेदीदाराला खुलाशाचं पत्र लिहिलं. पिंपळगावलाही त्याच दिवशी जाऊन आले. दोघांनी काम काढून घेतलं नाही. पण टेबलावरचं ते बोट मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर आठवडाभर रात्री बसून मी सेटिंगची फाईल पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिली. एकाहून जास्त पत्ते सांभाळणाऱ्या कोणालाही उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात वर एक हुक असा, की जो प्रत्येक फोल्डरला लागू होतो, आणि तो सगळं पुसून टाकतो. सिग्नेचर रिकामी, सहीची किल्ली (मेलवर डिजिटल सही करायची, तिच्याबद्दल पुढे सांगते) रिकामी. पाठवायच्या प्रोग्रॅमच्या जागी लिनक्सची ‘फॉल्स’ ही कमांड. ती काहीच करत नाही, फक्त ‘जमलं नाही’ असं कळवते. हुक फाईलमधल्या क्रमानं चालतात, म्हणून आधी पाटी कोरी होते आणि मग त्या त्या फोल्डरचा हुक त्यावर लिहितो. एखाद्या पत्त्याचं काही लिहायचं राहिलंच, तर पत्र चुकीच्या नावानं जाण्याऐवजी जातच नाही. मट तक्रार करतो आणि मजकूर समोर राहतो.

दुसरं, फोल्डरनं फक्त फ्रॉम ठरवायचा. बाकी सगळं फ्रॉमनं ठरवायचं. यासाठी दोन हुक लागतात. सिग्नेचर सेन्ड-हुकमध्ये, कारण तो मजकूर लिहायला बसण्याआधी चालतो. सर्व्हर आणि सहीची किल्ली सेन्ड२-हुकमध्ये, कारण साधा सेन्ड-हुक सुरुवातीला एकदाच चालतो, तर सेन्ड२-हुक पत्रात काही बदललं की दर वेळी पुन्हा चालतो. पाठवण्याआधीच्या स्क्रीनवर मी फ्रॉम बदलला, तर सर्व्हर आणि किल्ली लगेच त्याच्याबरोबर बदलतात. सिग्नेचर मात्र तोवर मजकुरात उतरलेली असते, ती हातानंच बदलावी लागते. म्हणून लिहून झाल्यावर फ्रॉम बदलायचा नाही, पत्र टाकून द्यायचं आणि योग्य फोल्डरमधून नव्यानं सुरू करायचं, असा माझा नेम आहे.

माझे चारही पत्ते ‘अल्टरनेट्स’मध्ये लिहिले आहेत, म्हणजे सगळ्यांना उत्तर देताना मी स्वतःलाच प्रत पाठवत बसत नाही. ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर देणारी ‘रिव्हर्स नेम’ ही सेटिंग चांगली आहे, पण ज्यांचे सगळे मेल एकाच पेटीत येतात त्यांच्यासाठी. माझ्या पेट्या वेगळ्या आहेत, मी ती बंद ठेवली. अजून एक बारीक गोष्ट सांगते, कारण तिनं मला फार वाचवलंय. मजकुरात जोडलेल्या कागदाचा उल्लेख आहे पण कागद जोडलेला नाही, अशा वेळी मट थांबून विचारू शकतो. कोणते शब्द शोधायचे ते आपण द्यायचे. मी इंग्रजी शब्दांच्या जोडीला ‘सोबत’, ‘जोडत आहे’, ‘जोडले आहे’ हेही दिलेत आणि ते व्यवस्थित चालतात. टर्मिनलमध्ये मराठी जोडाक्षरं मात्र तुटतात, काना-मात्रा भलतीकडे सरकतात. त्यामुळे मराठी पत्र लिहिताना मी मटला वेगळ्या खिडकीतला एडिटर उघडायला लावते.

आता एन्क्रिप्शन. त्याकडे मी वळले ते दुसऱ्याच एका प्रकरणामुळे. एका वर्षी गटाच्या नेदरलँड्समधल्या खरेदीदाराला गटाच्या नावानं मेल गेला, की आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या नव्या खात्यात टाका. पत्त्यात एकच अक्षर वेगळं होतं. तिथल्या हिशेब बघणाऱ्या बाईंना नवं खातं तिसऱ्याच देशातलं दिसलं, म्हणून त्यांनी फोन केला. तो फोन आला नसता, तर बागायतदारांच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे गेले असते.

एन्क्रिप्शन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुलूप येतं. आम्हाला कुलपाच्या आधी सही हवी होती. पत्र खरंच गटाकडून आलंय आणि वाटेत कोणी आकडा बदललेला नाही, एवढं समोरच्याला तपासता आलं पाहिजे. ओपनपीजीपी ही मेलवर सही करायची आणि मेल कुलूपबंद करायची पद्धत ही दोन्ही कामं करते. याचं मूळ पीजीपी, फिल झिमरमन यांनी १९९१ साली काढलेलं. तेव्हा अमेरिकेत मजबूत एन्क्रिप्शन युद्धसामग्रीच्या यादीत होतं. परवान्याशिवाय ते देशाबाहेर गेलं म्हणून झिमरमन यांच्यामागे १९९३ पासून चौकशी लागली, ती १९९६ साली बंद झाली. निर्यातीच्या कागदांत आयुष्य गेलेल्या मला ही हकिकत फार जवळची वाटते. मी वापरते तो त्याच पद्धतीचा ग्नूपीजी हा प्रोग्रॅम, वेर्नर कोख यांचा, मोफत.

एक खुलासा, कारण बागायतदार हमखास विचारतात. पोर्टलवर टोकन लावून आपण जी डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) सही करतो, ती परवानाधारक संस्थेनं दिलेली असते आणि २००० च्या आयटी कायद्यात बसते. ही सही तशी नाही. इथे विश्वास दोन माणसांनी आपापसात तपासून ठेवायचा असतो.

तो तपासायचा कसा, तर ठशानं. प्रत्येक किल्लीला चाळीस अक्षरांचा ठसा असतो, चार-चारचे दहा गट. शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. सही तपासायची उघडी किल्ली मेलनं पाठवली, तर ठसा मेलनं पाठवायचा नाही, फोनवर वाचून दाखवायचा. आबांची नात गटाचा हिशेब बघते, तिच्याबरोबर मी पहिल्यांदा हे केलं. फोनवर बी, सी, डी, ई सगळं एकसारखं ऐकू येतं. तिसऱ्या गटावरच आम्ही अडकलो. मग तीच म्हणाली, “काकू, फळं लावू या.” ए आंब्याचा, बी बोराचा, सी सीताफळाचा, डी डाळिंबाचा, ई ईडलिंबाचा, एफ फणसाचा. “सात, डाळिंब, डाळिंब, दोन. पुढे?” “फणस, शून्य, बोर, नऊ.” दहा गट चार मिनिटांत झाले, एकही चूक नाही. नेदरलँड्सच्या बाईंशी व्हिडिओ कॉलवर केलं. त्या थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम वापरतात. त्यात ७८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ओपनपीजीपी आतच आहे, वेगळं काही बसवावं लागलं नाही. आता त्यांच्याकडे नियम आहे, की सही तपासून बरोबर निघाली नाही तर बँकेचा कोणताही बदल ग्राह्य नाही.

सही फक्त मजकुरावर असते, पत्त्यावर आणि विषयावर नसते, हे लक्षात ठेवावं लागतं. सही केलेलं जुनं पत्र कोणी उचलून पुन्हा पाठवू शकतं. म्हणून खरेदीदाराचं नाव, इनव्हॉइस नंबर आणि तारीख मी मजकुरातच लिहिते. एन्क्रिप्ट केलं तरी विषय साधारणपणे उघडाच जातो, म्हणून त्यात रेट किंवा नाव कधीच नाही. नुसतं ‘कागदपत्रे’ आणि फाईल नंबर.

गट, निर्यातदार आणि मी, तिघांच्या किल्ल्या वेगळ्या. एकाच किल्लीवर अनेक पत्ते टाकता येतात आणि सांभाळायला ते सोपं आहे, पण मग ज्याच्या हातात किल्ली जाईल त्याला माझे सगळे पत्ते एकत्र दिसतील. माझ्या कामात ते चालणार नाही.

सगळ्यांच्या किल्ल्या मिळाल्या तर आपोआप एन्क्रिप्ट करणारी सोय मटमध्ये आहे. मी ती लावलेली नाही. सीसीमध्ये किल्ली नसलेला एक माणूस टाकला की ती आपोआप बंद होते आणि पत्र उघडं जाऊ शकतं. त्यापेक्षा रंग बरा. पाठवण्याआधीच्या स्क्रीनवर सिक्युरिटीची एक ओळ असते. सही आणि कुलूप दोन्ही असेल तर ती हिरवी, नुसती सही असेल तर पिवळी, काहीच नसेल तर लाल, असं मी केलंय. पत्र पाठवणारं वायचं बटण दाबण्याआधी डोळे दोनच ओळींवर जातात: फ्रॉम आणि तो रंग.

अक्षरांवरच चालणाऱ्या प्रोग्रॅमचा एक फायदा मला २०१८ साली कळला. ईफेल नावाचा दोष तेव्हा उघड झाला. एन्क्रिप्ट केलेला मेल उघडताना त्यातल्या एचटीएमएलमुळे, म्हणजे वेबपानासारख्या मांडणीमुळे, प्रोग्रॅम बाहेरचं चित्र मागवायला जायचा आणि त्या मागणीतूनच उघडलेला मजकूर चोराकडे जायचा. मट मुळात चित्रं मागवत नाही. एचटीएमएल मेल आला, तर मी तो डब्ल्यूथ्रीएम या टर्मिनलमधल्या ब्राउझरमधून साधा मजकूर करून वाचते.

किल्ल्यांची मुदत ठरवताना मात्र मी सीझनचा विचार केला नव्हता. पहिल्या किल्ल्या फेब्रुवारीत केल्या आणि एक वर्षाची मुदत टाकली. पुढच्या फेब्रुवारीत, माल भरायच्या आठवड्यात, रात्री अकराला नेदरलँड्सहून निरोप आला, की तुमच्या किल्लीची मुदत संपली आहे, इनव्हॉइसची सही आम्ही धरू शकत नाही. त्या रात्री मुदत वाढवली, किल्लीची नवी प्रत पाठवली आणि त्यांनी ती घेईपर्यंत जागी बसले.

आता तिन्ही किल्ल्यांची मुदत २० ऑगस्टला संपते. तेव्हा द्राक्षाची उन्हाळ्यातली खरड छाटणी होऊन गेलेली असते, फळासाठीच्या गोडी छाटणीला अवकाश असतो आणि फोन कमी असतात. मुदत वाढवल्यानं ठसा बदलत नाही. हे आबांच्या नातीला मी सांगितलं होतं, तरी यंदा तिनं कागद पुढे घेतला आणि दहाही गट पुन्हा वाचून घेतले, शेवटच्या फणसापर्यंत.