न दुखणारी गाठ आणि वेचणीचा हंगाम

कापसाची वेचणी लागली की घरातल्या बाईचं दुखणंखुपणं मागे पडतं. त्यात स्तनातली गाठ दुखतही नाही. मग 'जिरेल आपोआप' म्हणत दिवाळीची संक्रांत होते. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात हेही खरं, पण ते तपासल्यावरच कळतं.

हात फिरवून पाहायचं महिन्यातून एकदा, पाळीच्या पहिल्या दिवसापासून सातव्या ते दहाव्या दिवशी. पाळीआधी स्तन भरलेले, हुळहुळे असतात, नसलेल्या गाठी हाताला लागतात. पाळी गेली असेल तर दर पौर्णिमा धरा.

खांद्याखाली उशी घेऊन आडवं व्हा, त्या बाजूचा हात डोक्यामागे. उजवा स्तन डाव्या हातानं, डावा उजव्या हातानं. मधल्या तीन बोटांची टोकं नकोत, पेरांचा मऊ भाग टेकवा. रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवा आणि एकाच जागी तीनदा दाबा: हलकं, मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत. बोटं न उचलता गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत वर-खाली जा, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, शेतात तासाला लागून तास धरतो तसं. काखेकडचा वरचा भाग घाईत सुटतो, आणि जास्त गाठी तिथेच निघतात. चिमटीत मात्र धरू नका. चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. खालच्या घडीजवळची घट्ट कड बहुतेकींना असते.

मग आरशापुढे हात वर करून पाहा. कातडीला खळगा, संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं, बोंडी (स्तनाग्र) नव्यानं आत ओढलेली, तिच्यातून आपोआप रक्ताळ पाणी, न भरणारी चीर: यातलं काहीही असलं तर दवाखाना.

एवढ्यावर मात्र निभावत नाही. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासात नुसतं स्वतः तपासायला शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत. मुंबईत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. तो अभ्यास 2021 मध्ये छापून आला. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयात दर 5 वर्षांनी ही तपासणी धरलेली आहे. उपकेंद्रात 'बीपी-शुगर झाली, आता छातीही तपासा' असं आशाताईला सोबत घेऊन सांगा. लाजेपायी हेच राहून जातं.

गाठ लागली तर आठवड्याच्या आत दाखवा. तरुण वयात सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), आणि संशय असल्यास सुईनं तुकडा काढून तपासणी. सुईनं कॅन्सर पसरतो ही भीती खोटी आहे. उलट तुकडा न तपासता कोणी थेट गाठ काढतो म्हटलं, तर थांबा. पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय गाठा. जाताना आधार आणि रेशन कार्ड घ्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात. आधीचे सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा.