त्या ७२ तासांबद्दल

मंगळवार, रात्री उशिरा

सगळे झोपले की लिहायला बसते. काळाचौकीच्या आमच्या घरात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि चार माणसं. इथे एकटीने घाबरायचं म्हटलं तरी जागा नाही. रडू आलं तर मोरीचं दार लावून नळ सोडायचा, तोही पाण्याच्या वेळेत.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून गोळ्या चालू आहेत. रात्री जेवण झालं की एक. डबी हलली की वाजते, म्हणून आत कापूस घातलाय. आईने विचारलंच, "कसल्या गं या?" डॉक्टरांनी महिनाभर घ्यायला सांगितल्यात, म्हटलं. त्यात खोटं काही नाही.

काय झालं ते इथे तरी सरळ लिहिते. त्या रात्री कंडोम वापरला होता, तो फाटला. सकाळी मी आधी मेडिकलमध्ये जाऊन गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी आणली. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागलं नाही. ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, हे टीव्हीवरच्या जाहिरातींमुळे केव्हाचं पाठ आहे. पण एचआयव्हीच्या बाबतीतही असेच ७२ तास असतात, तेवढ्या वेळात औषध सुरू केलं तर लागण बहुतेक वेळा टळते, हे मला कुणीही, कधीही सांगितलेलं नव्हतं. कॉलेजात दर १ डिसेंबरला आम्ही लाल फिती लावून फिरायचो, पोस्टर रंगवायचो. औषध कुठे मिळतं हे एकाही पोस्टरवर नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

दुपारी त्याला फोन केला. "मला काही नाहीये." तपासणी कधी केलीस? कधीच नाही. आणि मग, "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" विश्वासाचा यात काय संबंध? हा विषाणू अंगात असून वर्षानुवर्षं माणूस ठणठणीत दिसू शकतो. त्याला स्वतःलाच माहीत नसेल, तर तो मला कसली खात्री देणार?

संध्याकाळी जवळच्या एका दवाखान्यात गेले. मी बोलायला लागायच्या आत डॉक्टरांनी विचारलं, "लग्न झालंय का?" मी उठून बाहेर आले. असा एक प्रश्न माणसाला थेट घरी परत पाठवू शकतो, आणि घरी बसून जातात ते तास या ७२ मधलेच असतात. मला वाटतं, कितीतरी जणी तिथूनच परत फिरत असतील.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता कॉटन ग्रीनच्या फलाटावर, टोकाच्या बाकावर बसून १०९७ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं ते एवढंच: केव्हा झालं, कसा संबंध होता, किती तास उलटले. का झालं, कुणाबरोबर झालं, हे विचारलंच नाही. "आजच जा," म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी मला उठवलं.

पालिकेच्या रुग्णालयात समुपदेशनाची खोली जिन्याखाली होती. तिथल्या ताईंनी दार लावून घेतलं आणि आधी हे सांगितलं की माझ्या संमतीशिवाय तपासणी होत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्या कुणाला कळत नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. मग रक्त घेतलं. आजच्या रिपोर्टवरून त्या रात्रीचं काही कळणार नाही, फक्त आधीचं कळेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाहीतर मी 'निगेटिव्ह' वाचून नाचत घरी आले असते. डॉक्टरांनी विचारलं, कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीच्या गोळ्या घेतेस का? त्या आणि ही गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये अंतर ठेवायचं. २८ दिवस, एकही चुकवायची नाही. पैसे लागले नाहीत.

ताईंनी आकडाही सांगितला. समोरच्याला एचआयव्ही असेल आणि तो उपचार घेत नसेल, तरी कंडोमशिवाय झालेल्या अशा १०,००० संबंधांमागे बाईला लागण होते ती साधारण ८ वेळा. दिवसा या आकड्याने धीर येतो. रात्री मी त्या आठांतली एक असते. घसा जरा खवखवला की मोबाइलवर लक्षणं शोधत बसते: ताप, पुरळ, गाठी, घसा. जुलै महिना आहे, लोकलमध्ये अर्धा डबा खोकतोय. हे सगळं कळतं आणि तरी मानेवरून हात फिरवून बघते. लक्षणांवरून काहीच ठरत नाही, वेळ झाल्यावर केलेल्या तपासणीवरूनच ठरतं, असं ताईंनी दोनदा सांगितलं होतं.

रांगेत माझ्यापुढे एक मावशी होत्या, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही असलेल्यांनी रोज घ्यायच्या, गोळ्या न्यायला आलेल्या. २००४ पासून सरकार ही औषधं फुकट देतं आणि त्या कितीतरी वर्षं घेतायत. मुलीच्या मुलाचं बारशाला नाव काय ठेवलं ते सांगत होत्या शेजारणीला. गोळ्या नियमित घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जात नाही, हे मला त्या खोलीतल्या तक्त्यावर वाचून कळलं. मी इतके दिवस 'झालं तर संपलं' असंच धरून चालले होते. आता तसं धरत नाही. भीती वाटते, पण मावशींची वाटत नाही.

त्यालाही तपासणीला नेणार आहे. आज तो 'बघू' म्हणाला, उद्या परत विचारेन.

माझी पुढची तपासणी गौरी-गणपतीनंतर येते. आईने गौरींसाठी रजा टाकायला सांगितलीच आहे, तिला जोडून एक दिवस जास्त मागते.