कैकाडी खरे, पण कुठल्या हद्दीतले?

यवतमाळहून आलेल्या त्या मुलीच्या फाइलवर सगळ्यात वर जात पडताळणी समितीचा आदेश होता : अनुसूचित जातीचा दाखला अवैध. घर कैकाडी जातीचंच आहे, याबद्दल समितीलाही शंका नव्हती. चुकला होता तो प्रवर्ग.

जातीच्या दाखल्यांचं काम करताना हा गुंता मला नेहमी भेटतो. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि राजुरा तालुका सोडून चंद्रपूर, एवढ्या भागात कैकाडी अनुसूचित जातीत येतात. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त जाती (अ) मध्ये. राजुराच वेगळा का? तर तो 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि बाकीचा विदर्भ जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातला. इंग्रजांच्या काळातल्या हद्दी नकाशावरून गेल्या, यादीत मात्र राहिल्या. फरक फक्त आरक्षण 13 टक्क्यांतलं की 3 टक्क्यांतलं एवढाच नाही. विदर्भातल्या कैकाड्याला 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण मिळतं, सोलापूरच्या कैकाड्याला नाही. जात तीच, सोयरीकही तीच.

आज कुठे राहता यावर प्रवर्ग ठरत नाही. मानीव दिनांकाला, म्हणजे प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेला, घराण्याचं कायम वास्तव्य कुठे होतं ते पाहतात : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961. या मुलीचे आजोबा दोन्ही तारखांना सोलापुरात होते, सत्तरच्या दशकात मजुरीसाठी यवतमाळला गेले. म्हणजे दाखला सोलापूरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडूनच, तोही विमुक्त जातीचा घ्यायला हवा होता. पुरावा द्यायची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर, आणि खरी अडचण तिथेच होती.

वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’. जमीन कधीच नव्हती, त्यामुळे महसुली कागद नाही. आजोबांचा जन्म सेटलमेंटमधला, म्हणून कोणत्याही गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, नोंद नाही.

सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायलाच हवं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता, 1911 मध्ये तो देशभर लागू करता येईल असा झाला. सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात गुन्हेगार. अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहती म्हणजे सेटलमेंट. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर जायला पास. आईबापांपासून मुलं तोडायचीही तरतूद होती. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं गिरण्यांत राबली. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि पोलिसांची नजर हटली नाही. कुठे चोरी झाली की आधी कैकाड्यांचं घर गाठायचं. असल्या दिवसांत कोणता बाप मुलाची जात शाळेत लिहून देईल?

आशा होती ती सेटलमेंटमधल्या शाळेच्या जनरल रजिस्टरची. अशी दफ्तरं पुढे ज्या शाळेकडे गेली तिथे शोधावी लागतात. हे कपाटात तळाला निघालं, कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर मोडी. आजोबांचं नाव, बापाचं नाव, आडनाव नाहीच. जात ‘हिंदू कैकाडी’, राहण्याचं ठिकाण ‘सेटलमेंट’. ओळ वाचून दाखवली तेव्हा मुलीचे वडील म्हणाले, “ताई, हेच नाव दडवण्यात आमच्या दादांचा जन्म गेला.”

अशा वेळी फक्त त्या ओळीचा उतारा घेऊ नये. पडताळणी समितीचं दक्षता पथक शाई, अक्षर आणि वरखालच्या नोंदी तपासतं. जातीच्या रकान्यात नंतर भर घातल्याचा संशय आला तर फाइल तिथेच बसते. म्हणून आख्ख्या पानाची मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची प्रत घेतली, सोबत मोडी जाणकाराच्या सहीचं लिप्यंतर. आडनावाचा दुवा जोडायला आजोबांचा गिरणीतला नोकरीचा दाखला कामी आला. त्यात बापाच्या नावासकट आडनाव होतं. शेवटी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र.

सोलापूरचा नवा दाखला मिळाला आणि तो पडताळणीत वैधही ठरला. आता विमुक्त जात म्हणून तिला दरवेळी नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, जोडावं लागेल, जे अनुसूचित जातीला लागत नाही. तिच्या चुलत भावंडांचं काम मात्र सोपं झालं, कारण वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता भक्कम पुरावा धरली जाते.

ज्या शाळांकडे सेटलमेंटची रजिस्टरं आहेत त्यांनी ती पानन् पान स्कॅन करून ठेवावीत, वाळवी पुढच्या ओळींपर्यंत पोचण्याआधी. बांधणी उसवू नये. सुटं पान दक्षता पथक सहजासहजी मान्य करत नाही.