आमची वाटचाल आणि शेजारचा विश्रामबागवाडा

जुन्या वाड्यांच्या लाकूडकामाची दुरुस्ती हा आमच्या कारखान्याचा व्यवसाय आहे. वडिलांनी पुण्यात सदाशिव पेठेत काम सुरू केले तेव्हा दारे, खिडक्या आणि देव्हारे एवढाच पसारा होता. पुढे आजूबाजूचे वाडे एकामागून एक पाडले जाऊ लागले आणि त्यांचे सागवान वखारींत येऊन पडू लागले. ते पाहून वाडा पाडण्याऐवजी दुरुस्त करणाऱ्या मालकांसाठी काम करायचे असे वडिलांनी ठरवले. त्या कामात विश्रामबागवाडा आमचा गुरू ठरला. आजही नव्या कारागिराच्या हाती पटाशी देण्याआधी आम्ही त्याला थोरल्या बाजीराव रस्त्यावर नेऊन हा वाडा दाखवतो.

पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांची बाग होती, त्या जागेवर दुसऱ्या बाजीरावाने हा वाडा बांधला. १८०७ च्या सुमारास तो उभा राहिला आणि त्यावर सुमारे २ लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. दर्शनी भागातील सुरूच्या झाडासारख्या घाटाचे खांब, त्यांवर कोरलेली केळफुले आणि पुढे आलेला सज्जा पाहिला की उत्तर पेशवाईतील सुतारांचा हात किती तयार होता हे कळते. शनिवारवाडा असताना पेशव्याने राहण्यासाठी ही वास्तू पसंत केली, पण ते सुख जेमतेम दशकभर टिकले. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी खडकीची लढाई झाली, पेशव्याने पुणे सोडले आणि पुढच्या वर्षी त्याची रवानगी बिठूरला झाली.

यानंतर वाड्याचे जे झाले ते आमच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. १८२१ मध्ये येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पेशव्यांच्या काळी विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतील काही भाग इंग्रजांनी तिच्यासाठी वळवला होता. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. आपण ज्याला डेक्कन कॉलेज म्हणतो त्याचे मूळ असे या वाड्यात आहे. पूना हायस्कूलचे वर्गही येथे भरत. मे १८७९ मध्ये एकाच रात्री बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. बुधवारवाडा कायमचा गेला. विश्रामबागचाही बराच भाग जळाला, पण तो पुन्हा उभा करण्यात आला. १९३० ते १९६० या काळात येथे नगरपालिकेची आणि पुढे महानगरपालिकेची कचेरी होती. टपाल कार्यालयही वाड्यात आले. पेशव्यानंतर आलेल्या प्रत्येकाला या छपराची गरज होती, म्हणून कौले शाकारली गेली आणि तुळया बदलल्या गेल्या. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि त्याचे तट, दरवाजे व जोतीच तेवढी उरली, हे आठवले म्हणजे वापरात राहण्याचे महत्त्व पटते.

आमच्या कामाची रीत यातूनच ठरली. वाडा ‘अगदी मूळ रूपात’ आणून द्या, असे अनेक मालक सांगतात. अशा वेळी मूळ म्हणजे कोणाच्या काळचे, हे आम्ही आधी त्यांच्याशी बोलून घेतो. एका वाड्यात माजघराच्या खांबांना ओळीने खुंट्यांची भोके होती. घरातल्या वयस्कर काकूंनी सांगितले की तेथे पूर्वी शिकवणीचे वर्ग भरत आणि मुले दप्तरे टांगत. ती भोके लांबीने, म्हणजे भोके बुजवण्याच्या लेपाने, भरून रंगाखाली घालवणे सोपे होते. आम्ही मालकांना समजावले आणि ती तशीच राखली.

खांबाचा खालचा भाग मात्र हमखास कुजलेला सापडतो, कारण फरशी धुतलेले पाणी तळखड्याशी, म्हणजे खांबाखालच्या दगडाशी, साचते आणि लाकूड ते शोषून घेते. सगळा खांब बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आम्ही वरच्या तुळईला टेकू देतो, सडलेला भाग चांगले लाकूड लागेपर्यंत कापतो आणि त्याच जातीचे जुने, मुरलेले सागवान तिरक्या सांध्याने बसवून सागाच्याच खुंट्या ठोकतो. नवा तुकडा रंगाने लपवत नाही. पुढच्या सुताराला तो दिसला पाहिजे. काम संपल्यावर कोणता भाग कोणत्या काळचा, कोणी काय बदलले आणि आम्ही काय बदलले, याची मापांसह वही मालकांच्या हाती देतो, आणि तिची एक प्रत कारखान्यात ठेवतो.