पायांच्या शिरांचा त्रास आणि तो वीस प्रश्नांचा कागद

म्हापशाच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानात मी वर्षानुवर्षं उभी आहे. शुक्रवारी बाजाराची गर्दी उसळते, पाणी प्यायलाही सवड मिळत नाही, आणि संध्याकाळी पेडण्याची बस धरेपर्यंत पोटऱ्या शिशाच्या झालेल्या असतात. व्हेरिकोज व्हेन्सचं, म्हणजे पायांच्या फुगलेल्या शिरांचं निदान, डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी), औषधं हे सगळं सुरळीत पार पडलं. माझा राग आहे तो एका कागदावरून: शिरांमुळे रोजच्या जगण्यात किती त्रास होतो ते रुग्णाला विचारणाऱ्या प्रश्नावलीवरून.

रुग्णालयाचं नाव घेत नाही. बाहेरच्या कक्षातल्या मुलाने टेबलावर कागद ओढला आणि म्हणाला, "मावशी, पटापट सांगा, मी टिका मारतो." कागद इंग्रजीत. शेजारी रांगेत आमच्याच गावची दोन माणसं. पहिल्या प्रश्नाला मी तोंड उघडण्याआधीच आमचे हे म्हणाले, "तसा काही त्रास नाही हो, घरातलं सगळं करते ती." मुलाने सगळ्यात कमी त्रासाच्या रकान्यात खूण केलीसुद्धा! पुढे त्याने भर कक्षात मोठ्याने विचारलं, "पाय दाखवायची लाज वाटते?" मी मान खाली घालून "नाही" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? लग्नाला मी गुडघ्याइतकी उंच साडी कधी नेसत नाही, पण गणेश चौथीच्या दिवसांत आरतीला खाली बसले की पावलावरच्या निळ्या गाठी झाकायला पदर पुढे ओढते, हे त्या कक्षात कोण सांगेल?

तिथेच मी कागद मागून घेतला. "घरी भरून आणते" म्हटलं, तर तो म्हणाला की फाईल आजच आत जायची आहे. मग बाकावर बसले, भाचीला फोनवर प्रश्न वाचून दाखवले, तिने मराठीत सांगितले आणि मी स्वतः भरले. रांग मागे गेली, नंबर हुकला, ह्यांची चिडचिड झाली. तरीही मी पुन्हा तेच करीन.

कारण हा कागद काही हजेरीपट नाही. सिव्हिक नावाची ही प्रश्नावली फ्रान्समध्ये तयार झाली, 1996 साली प्रसिद्ध झाली. वीस प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, त्यामुळे कच्ची बेरीज 20 ते 100. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. दुखणं, हालचाल, लोकांत मिसळणं आणि मन, अशा चार बाजू त्यात आहेत. झोप, जिने, उकिडवं बसणं, बसचा प्रवास, लवकर दमणं, घरच्यांवर भार झाल्यासारखं वाटणं, सगळं विचारतात. डॉक्टर डोळ्यांनी बघून देतात तो दर्जा वेगळा: सी-0 ते सी-6, म्हणजे दिसणारं काहीच नाही इथपासून उघड्या जखमेपर्यंत. माझा सी-3, सूज. तो दर्जा रात्री पेटके आले की किती वेळा उठते ते सांगत नाही. दर्जा आणि भोग यांचा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून तर रुग्णाला विचारायचं. मग रुग्णाऐवजी नवऱ्याला विचारून काय मिळणार?

आणखी एक. प्रश्न गेल्या चार आठवड्यांबद्दल असतात. मी जत्रेला जाणं सोडलं होतं, जिना टाळत होते, त्यामुळे दुखणं कमी झाल्यासारखं वाटायचं. "दुखतं का" या एकाच प्रश्नाचं उत्तर धरलं तर मी बरी! "बाहेर जावंसं वाटत नाही" याला मी पाच दिले, तिथे खरं चित्र आलं. पार्टीचा प्रश्न येतो तिथे अडू नका, आपल्याकडचं लग्न, भजन, जत्रा मनात धरून उत्तर द्या.

डॉक्टरांनी मात्र कागद शेवटपर्यंत वाचला. बेरीज साठीच्या पुढे बघून त्यांनी मला दुकानात बसायला उंच स्टूल मागायला सांगितलं आणि दाबाचे मोजे लिहून दिले. शिरांवरच्या लेझर उपचाराचं नंतर ठरलं. मोजे सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्याआधी चढवायचे. सूज आली की चढत नाहीत. मे महिन्यात गोव्याच्या घामात ते नकोसे होतात, उष्म्याने शिराही फुगतात. म्हणून लेझरनंतर पुन्हा कागद भरायचा असेल तर शक्यतो त्याच ऋतूत भरा, नाहीतर उपचाराचा फरक आणि हवेचा फरक एकात मिसळतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: डॉप्लर बहुतेक उभं करून करतात, सैल सलवार किंवा परकर घालून जा. चष्मा बरोबर ठेवा. भरलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. लेझरनंतरच्या माझ्या कागदाशी तुलना करायला रुग्णालयाच्या फाईलमध्ये पहिला सापडलाच नाही, माझ्या फोनमध्ये होता.